जाळीवर काही झाकू नये

१. हलवताना यंत्र सरळ धरावे

जिन्याच्या वळणावर ती आणि तो समोरासमोर आले, तेव्हा दोघांचेही हात भरलेले होते. तिच्या कडेवर कॉम्प्युटरचा सीपीयू होता. कडेवर म्हणजे अगदी तान्ह्या मुलासारखा! एक हात खालून, एक हात पाठीवर, आणि मागून लोंबणारी वायर पायात येऊ नये म्हणून ती दातांत धरलेली. त्याच्या हातात कुणाचा तरी प्रिंटर होता. जिना एका माणसाच्या रुंदीचा.

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

"उंम्," ती म्हणाली. दातांत वायर असताना माणूस याहून जास्त काय म्हणणार?

"दुरुस्तीला का?"

"उंम्."

"कोपऱ्यावरच्या दुकानात?"

"उंम्, उंम्."

"मग परत वर चला. कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे मी आणि माझी ताई. ताई आज बाहेर गेलीये, आणि मी हा इथे जिन्यात उभा आहे. म्हणजे सध्या दुकान जिन्यातच आहे म्हणा ना."

तिनं आता कुठे त्याच्याकडे नीट पाहिलं. केस कपाळावर आलेले. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर अडकवलेला. हसताना एकच गाल खळीत जाणारा. आणि डोळे… डोळे असे की जणू…

…

…

(थोडं थांबावं लागेल. गोष्ट अडकली. वायर काढून पुन्हा लावते.)

तिनं वायर दातांतून काढली आणि म्हणाली, "दोनदा आणला होता तुमच्याकडे. तुमच्या ताईंनी दिवसभर चालवून पाहिला. दोन्ही वेळा गुणी बाळासारखा वागला. घरी आणला की अर्ध्या तासात हँग! माउस हलत नाही, चित्र हलत नाही, काही हलत नाही. मी शिव्या देते, त्यानंही हलत नाही."

"दुकानात चांगला आणि घरी हँग?"

"हो."

"मग दुखणं याच्यात नाही, तुमच्या घरात आहे," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "घर दाखवा."

इतकं सरळ कुणी आजवर तिच्या घरी आलं नव्हतं.

२. पहिल्यांदा सुरू करताना

घरात ती आणि तिची आत्या. आई-वडील नोकरीपायी दुसऱ्या गावी, म्हणून या दोघींचा संसार दोन खोल्यांत. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिला जगातली कुठलीही वस्तू उघड्या अंगानं बसलेली बघवत नसे. मिक्सरला झबलं, टीव्हीला झबलं, इस्त्रीला झबलं, रिमोटला तर दोन, एक रोजचं आणि एक ठेवणीतलं. थंडी सुरू झाली तसं तिनं सीपीयूलाही एक शिवलं. कापड स्वतःच्या जुन्या फ्लॅनेलच्या गाऊनचं, गुलाबी फुलाफुलांचं. आतून अस्तर, पुढून बटणं. रोज काढ-घाल नको म्हणून स्विचपुरतं भोक, तेही काजासारखं शिवून काढलेलं. मागे वायरींसाठी एक फट. झबलं घालूनच मशीन चालू करायचं. धुळीची काय बिशाद!

दारावरची बेल वाजली की त्या घरात एक ठरलेली धावपळ व्हायची. ही दार उघडायला जायची. तेवढ्यात आत्या खुर्चीवरचा टॉवेल उचलायची, चपला भिंतीला लावायची, आणि दारातून पुरुषाचा आवाज आला तर सीपीयूचं झबलं ओढून काढून उशीखाली सारायची. का? अहो, कव्हर झालं म्हणून काय झालं, गाऊन तो गाऊनच. परक्या माणसापुढे तो मांडून ठेवायचा? दुकानात नेतानाही आत्यानंच तो काढून घेतला होता. "चारचौघांत माझी अब्रू नेऊ नकोस, ठमे."

हे सगळं ठमी रोज बघत होती. पण रोज दिसणारी गोष्ट माणसाला कधी दिसते?

गंमत म्हणजे तिचा धंदाच होता लोकांना दाखवायचा. नवीन यंत्र विकत घेतलं की खोक्यात एक पत्रक निघतं ना, इथे दाबा, तिथे फिरवा, ओल्या हातानं लावू नका… त्यातली चित्रं ती काढायची. हात, बाण, आणि चुकीच्या कामावर मोठी लाल फुली. पंख्यांचे हात तिचे, मिक्सरचे हात तिचे. सध्या खोली गरम करायच्या हीटरची अख्खी पुस्तिका हातात होती, एवढं मोठं काम पहिल्यांदाच. मागची दोन पत्रकं कॉम्प्युटरच्या कृपेनं उशिरा गेली होती. कंपनीतल्या बाईंनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "शुक्रवारी दुपारपर्यंत आलं नाही, तर पुढचं काम आपण दुसरीकडे देऊ या. तुम्हालाही विश्रांती मिळेल."

तिला विश्रांती नको होती. तिला घरातला चहा-साखर स्वतःच्या कामावर चालवायचा होता, आणि 'चित्रं काढून काय पोट भरतं का' असं विचारणाऱ्या आईला ती पुस्तिका दाखवायची होती.

"कधी हँग होतो?" त्यानं वायरी लावत विचारलं.

"मी काम करत असताना."

"मग करा काम. मी बसतो."

तो स्टुलावर बसला. स्टुलालाही झबलं होतं. तिनं काम केलं. कॉम्प्युटर लोण्यातून सुरी जावी तसा चालला.

३. अडचण आणि उपाय

अडचण: कॉम्प्युटर हँग होतो.

कारण असेल: रॅम. बदलून पाहिली. नाही.

कारण असेल: व्हायरस. शोधला. सापडला नाही. सापडली ती तिनं पूर्वी काढलेली, स्वतःच विसरलेली मांजराची चित्रं. त्यानं ती सगळी पाहिली.

कारण असेल: पंखा. उघडला. फिरतोय. पात्यांना गुलाबी कापसाचा पुंजका.

"हा कुठून आला?"

"हवेतून येतो," आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "हल्ली हवा फार खराब आहे."

कारण असेल: तापमान. प्रोग्रामनं पाहिलं, बोट लावूनही पाहिलं. गार.

कारण असेल: वीज, प्लग, नशीब. तिन्ही ठीक दिसतात.

उपाय: उद्या परत येणे.

४. नेहमीचा वापर

तो गेला की आत्या झबलं पुन्हा चढवायची, बटणं लावायची, वरचं सुद्धा. आणि तो दुकानात पोचून चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच फोन वाजायचा.

"गेलात ना?"

"आलोच आत्ता दुकानात."

"झाला हँग."

"माझ्या पाठीमागे?"

"पाठीमागेच. तुमच्यासमोर कशाला करेल? लाजतो तुम्हाला."

तो परत यायचा, तोवर तिनं मशीन बंद करून पुन्हा लावलेलं असायचं. बेल, टॉवेल, चपला, उशी. आणि कॉम्प्युटर बघावा तर चालू! दुपारी शाळेतून आलेल्या मुलासारखा टवटवीत.

पुढे पुढे तो येऊन नुसता बसायचाच. पेशंटवर नजर ठेवायची म्हणायचा. नजर पेशंटवर किती असायची हा प्रश्न वेगळा. ती कामात बुडाली की जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढायची. एकदा तिनं मान वळवली, तर तोही तस्साच बसलेला. जिभेचं टोक बाहेर.

"काय करताय?"

"काही नाही. तुम्हाला सोबत."

"ते फुकट बसलेले हात जरा कामाला लावा. हा नॉब धरा."

"कसा?"

"फिरवताय असा. मोडताय असा नव्हे. अंगठा वर… अजून वर… आता हलायचं नाही."

"किती वेळ?"

"हँग झालाय असं समजा."

तो हँग झाला. तिनं त्याचा हात पाहिला. पाहिला म्हणजे, कामासाठीच हो. लांब बोटं, कापलेली नखं, आणि अंगठ्याच्या मुळाशी एक छोटा करडा डाग.

"हे काय?"

"सोल्डरिंगचा चटका. पहिल्याच आठवड्यात. गरम टोकाकडून धरलं."

"सूचना वाचल्या नव्हत्या?"

"वाचल्या होत्या. चित्रं चांगली नव्हती."

ती हसली, आणि हसता हसता तिची रेघ हलली. तिनं ती पुसली नाही.

आतापर्यंत पत्रकातले सगळे हात ती स्वतःच्या डाव्या हातावरून काढायची. कुणाचेच नसल्यासारखे हात. आता पुस्तिकेत पान उलटावं तिथे त्याचा हात होता. प्लग लावणारा, नॉब फिरवणारा, हीटर भिंतीपासून लांब सरकवणारा. कंपनीतल्या बाईंना अर्धी पुस्तिका गेली आणि त्यांचा फोन आला. तिचे हात चित्र काढायचं पॅड धरून होते, म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला. तो स्टुलावर होताच.

"हात बदललाय का हो तुम्ही?" बाई म्हणाल्या.

"हो… म्हणजे… का?"

"आधीचा बरा होता. या हातावर डाग आहे. आमच्या छपाईवाल्यानं दोनदा पुसून पाहिला."

स्टुलावरून खोकल्याचा आवाज आला.

"तो डाग खरा आहे, बाई."

"असेल. पण नॉब दिसतच नाहीये. हातच दिसतोय नुसता. कसं सांगू… फार जीव लावून काढल्यासारखा वाटतो. हीटर विकायचाय हो आपल्याला. कादंबरी नाही."

फोन ठेवला गेला. तो आपल्या हाताकडे असं पाहत होता, जणू तो आजच बसवून मिळाला होता.

"मी डाग काढून टाकते," ती पडद्याकडे बघत म्हणाली.

"नको," तो म्हणाला. मग घाईघाईनं, "म्हणजे… वेळ जाईल उगाच."

आत्यानं चहा आणला. दोन कप आणले, स्वतःचा आत ठेवून आली.

५. या गोष्टी करू नयेत

कुठल्याही पत्रकात हा भाग असतोच. इथेही आहे. एका दुपारी तो बोलून गेला.

"ताई म्हणत होती…"

"काय?"

"काही नाही. ताईचं काय मनावर घ्यायचं."

"काय म्हणत होती?"

"म्हणत होती की मशीनला काही झालेलं नाही." तो हसत होता. गाल खळीत गेलेला. त्याला वाटलं, ही पण हसेल. "म्हणाली, मशीन नाही, मुलगीच तुला हँग करतेय. उगाचच बोलावत असेल."

ती हसली नाही. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी? मी म्हटलं… म्हणजे खरं सांगायचं तर माझ्यासमोर एकदाही हँग झालेला नाही ना. एवढ्या वेळा आलो. तर मला वाटलं की कदाचित…"

"की कदाचित मी खोटं बोलते."

"खोटं नाही हो! पण समजा, तसं असलं तरी माझी काही हरकत…"

"शुक्रवारी माझी पुस्तिका जायचीये," ती म्हणाली. आवाज अगदी खाली आला होता, आणि तो खाली आला की आत्यासुद्धा स्वयंपाकघरात भांडी हळू ठेवायची. "नाही गेली तर माझं काम जाणार. आणि मी इथे बसून बहाणे करतेय? तुम्हाला चहा पाजायला?"

"मी तसं…"

"पिशवी घ्या तुमची. पुन्हा बोलावणार नाही."

तो उभा राहिला. एक स्क्रू त्याच्या हातातून पडला, घरंगळत कॉटखाली गेला. तो शोधायला वाकावं की जावं, हे त्याला ठरवता येईना, आणि ती काही तरी म्हणेल म्हणून तो थांबला, आणि तो काही तरी म्हणेल म्हणून ती थांबली, आणि…

…

(ही जागा रोजच्याहून जास्त वेळ अडकली. शेवटी दार लागल्याचा आवाज आला, म्हणून पुढे जाता आलं.)

अर्ध्या तासानं कॉम्प्युटर हँग झाला. दुपारभराचं काम गेलं. तिनं फोन उचलला, नंबर काढला, आणि फोन पालथा ठेवला.

"कर की," आत्या म्हणाली.

"मरेन, पण करणार नाही."

"मरू नकोस. गुरुवार आहे आज. परवा मर."

६. जाणकारास बोलवावे

शुक्रवारी सकाळी ती पहाटेपासून खुर्चीत होती. तीनदा हँग, तीनदा बंद-चालू. डोळे लाल, शाल ओढलेली, केस पेन्सिलीनं वर खोचलेले. शेवटचं एकच पान राहिलं होतं. आत्यानं तिच्याकडे पाहिलं, मग बाल्कनीत जाऊन स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. चष्मा न लावता लावला, म्हणजे पाठच होता.

"कोण बोलतंय?"

"अरे, मी. आत्या. ये बघू जरा."

"त्यांनी बोलवलंय?"

"ती नाही बोलवणार. तिच्या बापासारखी आहे, हट्टी. मी बोलवतेय. आणि हे बघ, ते 'त्यांनी-बिंनी' माझ्याशी बोलताना नको. ये पटकन."

बेल वाजली. आज दार आत्यानं उघडलं. टॉवेल खुर्चीवरच होता. चपला वाटेत होत्या, तो त्यांना अडखळला. आत्या म्हणाली, "बस. ती बोलणार नाही, तूही बोलू नकोस." आणि ती आत निघून गेली. उशीजवळ गेलीच नाही.

तो स्टुलावर बसला. तिनं मान वळवली नाही, पण तिचे कान लाल झाले. ती शेवटचं चित्र काढत होती. चालू हीटर, त्यावर कुणीतरी वाळत टाकलेला टॉवेल, आणि त्या सगळ्यावर मोठी लाल फुली. तिनं फुलीची पहिली रेघ ओढली, डावीकडून उजवीकडे. मग दुसरी, उजवीकडून… आणि अर्ध्यावर रेघ थांबली. बाण थांबला. तिनं माउस हलवला. पेन आपटून पाहिलं.

"थांबला," ती कुजबुजली.

"काय?"

"हँग! हँग झाला! बघा! तुमच्यासमोर झाला!"

तो उडालाच. "हात लावू नका! कशालाच हात लावू नका!" इतका आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नसावा. तिला हाताला धरून नाचवायचंच काय ते बाकी होतं. खरं तर त्यानं तिचा हात धरलाही होता, आणि दोघांच्या एकदमच ते लक्षात आलं, आणि त्यानं तो सोडला आणि घाईनं टेबलाखाली वाकला.

मग टेबलाखालून त्याचा आवाज आला.

"हे काय आहे?"

"कुठे?"

"हे. गुलाबी. फुलाफुलांचं."

"झबलं."

"कुणाचं?"

"सीपीयूचं. कुणाचं असणार?"

"हे कधीपासून आहे?"

"थंडी सुरू झाल्यापासून."

"आणि हँग कधीपासून होतोय?"

"थंडी सुरू झाल्या…" ती थांबली. तिची नजर पडद्यावर गेली. पडद्यावर टॉवेलखाली गुदमरलेला हीटर, त्यावर अर्धी लाल फुली, आणि खाली तिनंच टाकलेली ठळक ओळ: जाळीवर काही झाकू नये.

किती यंत्रांसाठी काढलं होतं तिनं ते चित्र! पंख्यासाठी, फ्रिजसाठी, ओव्हनसाठी. लोक मूर्खासारखे यंत्रांवर काय काय टाकतात म्हणून हसत हसत काढलं होतं.

तो टेबलाखालून बाहेर आला. केसांत गुलाबी तंतू. "मी येतो तेव्हा हे कुठे असतं?"

"उशीखाली," दारातून उत्तर आलं. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"का पण?"

"का म्हणजे? गाऊन आहे तो माझा! परक्या पुरुषापुढे ठेवू का?"

"मग आज?"

"आज कुठे कोण परकं आलंय?" आत्या म्हणाली. "तूच तर आलायस."

तो परत खाली वाकला आणि एकेक बटण काढायला लागला. आतल्या जाळीतून ऊब आली, इस्त्रीसारखी. खिडकी उघडली, थोडा वेळ थांबले, पुन्हा सुरू केलं. सकाळचं काम जिथल्या तिथे होतं, कारण येता-जाता सेव्ह करा असं तो कधीचा सांगत होता, आणि कालच्या फटक्यानंतर तिनं ते ऐकलं होतं. तिनं फुलीची उरलेली अर्धी रेघ ओढली आणि पुस्तिका पाठवून दिली. दुपार व्हायची होती.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "मी म्हणालो की तुम्ही उगाचच…"

"उगाचच काय?"

"…बोलावता."

"आणि तसं बोलावलं असतं तर?" ती म्हणाली. कुठून आलं हे धैर्य, तिलाही कळलं नाही. जागरणाचं असावं.

त्यानं तोंड उघडलं. फोन वाजला. कंपनीतल्या बाई. पुस्तिका मिळाली, छान झाली, आणि पुढचं काम वॉशिंग मशीनचं आहे, घेणार का? आणि हो, हात… असू दे. छपाईवाल्याची बायको म्हणाली, हात चांगलाय.

बाई बोलत राहिल्या. ती हो-हो म्हणत राहिली. त्यानं कॉटखालचा आपला स्क्रू शोधला, पिशवी उचलली, हातानंच 'येतो' अशी खूण केली, आणि गेला.

७. दुरुस्तीनंतर

कॉम्प्युटर चालू होता. सकाळी चालू, दुपारी चालू, एकदा ती मुद्दाम सगळे प्रोग्राम एकदम उघडून बसली, तरी निर्लज्जासारखा चालू.

आत्यानं मात्र गाऊन कपाटात कोंबला आणि त्याबरोबर घरातली बाकीची झबलीही काढली. "माझ्या हातानं पोरीचं काम बुडवत होते मी," एवढंच म्हणाली. मिक्सर उघडा, टीव्ही उघडा, रिमोट उघडा. घर आंघोळीला बसल्यासारखं दिसायला लागलं.

"आत्या, मिक्सरला घाल की. त्याला कुठे जाळी आहे?"

"राहू दे."

आणि स्टूल. स्टूल रिकामं. वॉशिंग मशीनचे हात काढायला तिनं आपला डावा हात समोर धरला. काढला, पुसला. कुणाचाच नसल्यासारखा हात, आणि आता तो तिला चालत नव्हता.

त्याचा फोन नव्हता. का येईल? बिघाड नाही, तर दुरुस्तीवाला कशाला येईल? आणि ही तरी फोन करून काय सांगणार? सगळं ठीक चाललंय म्हणून तक्रार आहे?

एका संध्याकाळी आत्या भाजी आणायला गेली. ती उठली. कपाट उघडलं. गाऊन बाहेर काढला, झटकला, आणि सीपीयूला घातला. बटणं लावली, घाईघाईत, चोरासारखी. अस्तर नीट ओढलं. जाळी पूर्ण झाकली गेली ना, हे खाली वाकून पाहिलं. मग हातातलं काम सेव्ह केलं, सगळे प्रोग्राम एकदम उघडले आणि समोर बसून राहिली.

वाट बघताना पहिल्यांदाच तिला वाटलं, किती वेळ लावतो हा!

झाला एकदाचा.

"हॅलो?" त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"झाला हँग."

"कसं शक्य आहे? झाकलंय का काही?"

"हो."

"आत्यांनी?"

"आत्या भाजीला गेलीये."

पलीकडे दुकानातला आवाज. कुणीतरी, ताईच असणार, विचारत होतं, कोण आहे रे?

"मग कुणी घातलं?" त्यानं विचारलं. अगदी हळू विचारलं.

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि…

…

…

…

"मी."

"मुद्दाम?"

"चित्र बघून. फुली दुर्लक्षून."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "काढू नका. तसंच राहू द्या. येतो."

"सावकाश या. काम सेव्ह केलंय."

"सावकाश नाही येणार."

"मग ये," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर कळलं तिला काय म्हणाली ते.

बेल वाजली. टॉवेल खुर्चीवर होता, चपला वाटेत होत्या, आणि गाऊन होता तिथेच. तो धापा टाकत आत आला. पिशवी आणली नव्हती. आला तो स्टुलावर बसला, ती खुर्चीत, आणि दोघं त्या अडकलेल्या पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर वॉशिंग मशीन होतं. बटणाकडे निघालेला एक हात होता, अर्धाच काढलेला, आणि अंगठ्याच्या मुळाशी डाग मात्र आधीच काढून ठेवलेला.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"आता? काही नाही. कशाला हात लावायचा नाही. गरम झालाय. निवेपर्यंत नुसतं बसायचं."

"किती वेळ?"

"सांगता येत नाही. पत्रकात काय लिहिलंय?"

"पत्रकात लिहिलेलं नाही."

"मग तू लिही," तो म्हणाला आणि आपला डागाचा हात टेबलावर उताणा ठेवला, तिच्या हातापासून बोटभर लांब. ती ते बोटभर अंतर बघत बसली. मग ते राहिलं नाही.

लॅचची किल्ली फिरली. आत्या भाजीची पिशवी घेऊन आत आली. तिनं बंद पडलेला पडदा पाहिला, त्यापुढे मन लावून बसलेली दोन डोकी पाहिली.

"अजून नाही झाला का दुरुस्त?"

"नाही, आत्या," दोघं एकदम म्हणाली.

"हं," आत्या म्हणाली. मग तिची नजर टेबलाखाली गेली. गुलाबी फुलं. पुढची बटणं एक घर चुकून लावलेली, खालचं एक काज रिकामं, वर एक बटण लोंबतंय. आत्याच्या हातून असं जन्मात झालं नसतं.

तिनं पिशवी खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकून वाकली. चुकलेली बटणं एकेक करून काढली, एकेक करून नीट लावली, अगदी वरचं सुद्धा. पदरानं स्विचवरची धूळ पुसली. आणि काही एक न बोलता चहा टाकायला आत गेली. जाता जाता कपाटातून मिक्सरचं झबलं घेऊन गेली.